गराज सेलमधली जुनी माउंटन बाईक: रंग द्यावा, गंज काढावा की आहे तशी ठेवावी?

चाकोरीबाहेर
नमस्कार मंडळी. मुक्काम फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया. शेजारच्या गल्लीत गराज सेल होता, तिथून चाळीस डॉलरला एक जुनी ब्रिजस्टोन एमबी-३ उचलली. पोलादी जपानी फ्रेम, सस्पेन्शन कुठेच नाही, गिअर बदलायला हँडलच्या वर अंगठ्याने ढकलायचे खटके. रंग बराचसा शाबूत आहे, पण चेनच्या बाजूला आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी (पॅडलचा आस जिथे बसतो तिथे) गंज चढलाय. चाकं फिरतात, पण खरखर करत. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) फ्रेमच्या नळीत असा अडकलाय की हलायचं नाव नाही.

माझा बेत असा: सगळं सुटं करायचं, फ्रेम सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवून) झकास पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पुडीचा रंग) मारायचं, नवे गिअर बसवायचे आणि ऑफिसला न्यायची. एका मित्राने हे ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, लोक या सायकली शोधत फिरतात आणि तू तिचं वाटोळं करायला निघालास. इथे जुन्या माउंटन बाईक जमवणारं, दुरुस्त करणारं कुणी आहे का? काय करावं?

तिरकस
फोटोशिवाय धागा फाऊल धरला जाईल.

झणझणीत
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आमच्याकडे अशी सायकल भंगारवाला किलोवर नेतो आणि वर आपल्यालाच म्हणतो, "साहेब, यात काय राहिलंय?"

पेडलपंत
मी जमवतो. पोर्टलंडला असतो. घरात किती आहेत ते लिहीत नाही, कारण बायको याच संस्थळाची सदस्य आहे.

चाकोरीबाहेर, पावडर कोटिंगचा विचार आधी डोक्यातून काढा. तो थर जाड बसतो. लग (नळ्या जोडणाऱ्या धातूच्या खोबण्या) असलेल्या फ्रेमच्या सुबक कडा बुजतात, आट्यांमध्ये भरला तर पुन्हा टॅप मारावा लागतो आणि कंपनीची मूळ स्टिकरं कायमची जातात. रंग खराब झालेली फ्रेम पुढे कधीही रंगवता येते. मूळ रंग मात्र एकदा ब्लास्ट केला की गेलाच.

तुमच्या हाती काय लागलंय तेही सांगतो. टायरवाल्या ब्रिजस्टोनचीच ही सायकल शाखा. त्यांचं अमेरिकेतलं ऑफिस सॅन लिआंड्रोला होतं, म्हणजे तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तिथे ग्रँट पीटरसन नावाचा गृहस्थ मॉडेल ठरवायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सगळं जग जाड ॲल्युमिनियम नळ्या आणि सस्पेन्शनच्या मागे लागलं, तेव्हा हा माणूस हलक्या पोलादाला आणि साध्या गिअरला चिकटून राहिला. एमबी-१ सगळ्यात वरची, मग २, मग ३. येन महागला, जपानी सायकली अमेरिकेत परवडेनात आणि १९९४ मध्ये ब्रिजस्टोनने इथला सायकल धंदा गुंडाळला. पीटरसनने लगेच वॉलनट क्रीकला रिव्हेंडेल नावाची स्वतःची कंपनी काढली. ती आजही पोलादाच्याच सायकली विकते. ब्रिजस्टोनचे जुने कॅटलॉग सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राऊन यांच्या साइटवर स्कॅन करून ठेवलेत. ते २००८ मध्ये गेले, साइट अजून चालू आहे. आधी तिथे जाऊन आपलं मॉडेल आणि रंग जुळवा.

शिमानोचे (गिअर-ब्रेक बनवणाऱ्या जपानी कंपनीचे) पार्ट असतील तर मागच्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली दिसतील. ती कळवा, साल सांगतो.

पंतीण
सदस्य आहे आणि वाचतेही आहे. मोजल्या आहेत.

तिरकस
पंत, चहा बाहेरच घ्या आज.

चाकोरीबाहेर
पंत, धन्यवाद! फोटो चढवले आहेत. मागच्या डिरेल्युअरवर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रावर) आतल्या बाजूला "एन ई" आहे. क्रँकवरचं पुसट झालंय.

पेडलपंत
पहिलं अक्षर सालाचं. ए म्हणजे १९७६, तिथून पुढे मोजत जायचं. एन म्हणजे १९८९. दुसरं अक्षर महिन्याचं, ए जानेवारी ते एल डिसेंबर. तेव्हा तुमचा डिरेल्युअर मे १९८९ चा. सायकल १९९० च्या मॉडेलची असावी, कारण पुढच्या सालची मॉडेलं आदल्या उन्हाळ्यातच बनायला लागतात. पण ही जन्मतारीख पार्टची आहे, सायकलची नाही. मधल्या मालकाने तो बदललेलाही असेल. ब्रेक आणि हबवरची (चाकाच्या मधल्या तुंब्यावरची) अक्षरं आसपासची निघाली तर निश्चिंत व्हा.

आणखी एक. फ्रेमचा नंबर बाईक इंडेक्स या सायकलींच्या नोंदणीच्या साइटवर टाकून बघा. चोरीची निघाली तर ज्याची त्याला द्यावी लागेल, मग गंज काढण्याचा प्रश्नच मिटला.

सुखदा_म्युनिक
पंतांशी सपशेल असहमत. ही काय पेशव्यांची पालखी आहे का काचेत ठेवायला? मी इथल्या फ्लोमार्क्टमधून अशीच नव्वदच्या सुमाराची पोलादी बाईक घेतली. पुढे-मागे कॅरिअर, मडगार्ड, डायनॅमो हब, उंच हँडल लावलं. आठवड्याचा किराणा आणि मुलगी दोघं तिच्यावरून येतात. त्या काळच्या माउंटन बाईक या कामाला फार छान आहेत. कॅरिअरसाठी भोकं असतात, जाड टायरला जागा असते, तीन चकत्यांचं क्रँक असल्यामुळे चढावर दम लागत नाही. वापरली तर ती जगेल. भिंतीवर टांगून ठेवली तर तुमच्यानंतर पुन्हा गराज सेललाच जाणार.

पेडलपंत
सुखदाताई, "भिंतीवर टांगा" असं मी कुठे म्हटलं? :)

सायकलीसायकलीत फरक करावा लागतो. माउंटन बाईकच्या आद्य कारागिरांपैकी जो ब्रीझने १९७७-७८ मध्ये पहिल्या दहा ब्रीझर बनवल्या. फक्त दहा. त्यातली एखादी सापडली तर गंजालासुद्धा हात लावू नये. १९८१ ची पहिली स्टंपजम्पर, मूळ रंगातली क्लाइन, सॉमरव्हिलच्या फॅट सिटीची फॅट चान्स, यांचंही तेच. क्लाइनमध्ये तर लोक रंगासाठीच जीव टाकतात. एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी ती रंगसंगती आता कुणी काढून देत नाही. क्लाइन कंपनी १९९५ मध्ये ट्रेक या सायकल कंपनीने घेतली. त्याआधीची फ्रेम असली तर बघायलाच नको.

एमबी-३ ही त्या पंगतीतली नाही. ती मधल्या फळीतली, चांगली, खात्रीची सायकल. खुशाल चालवा. माझी अट एकच आहे: जे कराल ते उलटं करता आलं पाहिजे. हँडल बदला, टायर बदला, कॅरिअर लावा, पण काढलेला प्रत्येक पार्ट डबीत घालून माळ्यावर ठेवा. ड्रिल मारू नका, वेल्डिंग करू नका, ब्लास्ट करू नका.

सुखदा_म्युनिक
डबीची अट मान्य. माझ्या माळ्यावर बायोपेसच्या चकत्या पडल्यात. त्या लंबगोल चकत्यांनी गुडघ्याचं भलं होईल असं शिमानो १९८३ पासून सांगत होतं. माझ्या गुडघ्याला ते पटलं नाही.

डोंगरदऱ्या
मी सॅन रफाएलला राहतो, म्हणजे या सगळ्या भानगडीच्या माहेरीच. थोडं अवांतर करतो.

माउंट टॅमलपायसच्या उतारावरून इथली पोरं सत्तरच्या दशकात जुन्या श्विन एक्सेल्सियर सायकली दामटायची. तीस-चाळीसच्या दशकातल्या त्या पोरांच्या सायकली, जाड टायर, एकच गिअर, पॅडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. फेअरफॅक्सजवळ जंगलातला एक कच्चा रस्ता आहे, जेमतेम दोन मैलांत तेराशे फूट खाली येतो. तिथे २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली शर्यत झाली. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक वेळी हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून शर्यतीचं नावच "रीपॅक" पडलं. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही सगळी तिथलीच मंडळी. फिशरचा तिथला विक्रम ४ मिनिटं २२ सेकंद. फिशर आणि केलीने १९७९ मध्ये कंपनी काढली, फ्रेम टॉम रिची बनवून द्यायचा.

म्हणजे ज्यांना आपण आज व्हिंटेज माउंटन बाईकचे आद्यपुरुष म्हणतो, तेच मुळात भंगारातल्या सायकली जमवून, त्यांचं मूळ सामान फेकून, मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर बसवणारे लोक होते. पंतांची "ड्रिल मारू नका" ही अट त्यांना सांगितली असती तर हसले असते.

फेअरफॅक्सला २०१५ पासून सायकल संग्रहालय आहे, माउंटन बाईक हॉल ऑफ फेमही कोलोरॅडोतून तिथेच आलंय. चाकोरीबाहेर, तुम्ही रिचमंडचा पूल ओलांडून या, पाहून घ्या, चहा माझ्याकडे.

पेडलपंत
मुद्दा बिनतोड आहे. उत्तर सुचलं की लिहितो.

झणझणीत
पंत निरुत्तर! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

खटपट्या
नाशिकहून. इतिहास झाला असेल तर सीटपोस्टकडे येऊ का? खरी अडचण तीच आहे.

फ्रेम पोलादी, पोस्ट ॲल्युमिनियमचा. दोन धातू, मध्ये घामाचं-पावसाचं खारट पाणी. ॲल्युमिनियमचा ऑक्साईड फुगतो आणि पाचर मारल्यासारखा बसतो. ताकद लावून सीट पिळू नका, फ्रेमची नळी चिरते. क्रम असा ठेवा. आधी क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, वरच्या फटीतही सोडा, आणि चांगले काही दिवस तसंच राहू द्या. घाई नको. मग सीट काढून पोस्टचं डोकं भक्कम बेंच व्हाइसमध्ये धरा आणि अख्खी फ्रेम हँडलसारखी फिरवा. एवढा लांब पाना दुसरा मिळणार नाही. कट् असा आवाज आला की समजा सुटला. पोस्ट बाद होईल, फ्रेम वाचेल.

तेही जमलं नाही तर पोस्ट वरून कापून आत हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडायची. वेळखाऊ काम आहे, हाताला फोड येतात. आणि शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम खातो, पोलादाला धक्का लावत नाही.

अर्ध्वपातन
कॉस्टिकचं वाचून राहवलं नाही. मी रसायनशास्त्र शिकवते.

कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन निघतो आणि मिश्रण जोरात तापतं. बंद गराजमध्ये अजिबात नको, जवळपास ज्योत नको, वॉटर हीटरचीसुद्धा. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत हातमोजे. फेसाळून बाहेर आलं तर जिथे ओघळेल तिथला रंग सोलून निघेल, म्हणजे ज्या रंगासाठी पंत एवढे लढले तोच जाईल. आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर हा प्रयोग म्हणजे पोस्टसकट फ्रेमचं विसर्जन. त्यापेक्षा खटपट्या यांचा व्हाइस बरा. तेलाआधी अमोनियाचं पाणी सोडून बघायला हरकत नाही, फक्त घरातलं ब्लीच त्याच्या आसपास फिरकू देऊ नका, विषारी वायू होतो.

गंजासाठी ऑक्झॅलिक ॲसिड सौम्य पडतं. कोमट पाण्यात पातळ द्रावण करून त्यात पार्ट भिजवा. गंजातलं लोह विरघळतं, बहुतेक रंग टिकतो. फ्रेम बुडवण्याआधी रंगाचा एक कोपरा तपासून बघा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होईल. हे पोटात जाऊ देऊ नका, पूड श्वासात घेऊ नका. ॲल्युमिनियमचे पार्ट त्यात टाकू नका. (अळूने घसा खवखवतो तो याच कुळातल्या कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे. चिंच का घालतात ते कळलं असेलच.)

तिरकस
सायकलच्या धाग्यावर अळूवडी आली. आता कोण म्हणेल मराठी आंतरजालाचा दर्जा घसरला!

चाकोरीबाहेर
सगळ्यांचे आभार, इतकी माहिती अपेक्षित नव्हती. हँडल आणि ब्रेक लिव्हरवरच्या क्रोमला बारीक तांबेरा आहे. त्याला पण ऑक्झॅलिक?

खटपट्या
नको. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून चोळा. क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही आणि तांबेरा निघतो. मग मेण.

रेंजरवाला
मला इथे एक वेगळाच प्रश्न पडलाय, राग मानू नये. चाकोरीबाहेर, तुमच्या जुन्या धाग्यांवरून तुम्ही साताऱ्याचे. १९९० साली तुम्ही काय ब्रिजस्टोन चालवत होता? अमेरिकेतले लोक या सायकली जमवतात, कारण पंधराव्या वर्षी दुकानाच्या काचेला नाक लावून त्या बघितल्या होत्या आणि परवडल्या नव्हत्या. तुमचं-आमचं काय? आपण हीरो रेंजरसाठी हट्ट केला. सपाट हँडल, गुबगुबीत टायर, आणि वजन असं की सज्जनगडाच्या चढाला सायकल खाली आणि आपण वर की उलट, हेच कळायचं नाही. मी गेल्या वर्षी एक रेंजर मिळवून मुळापासून ओव्हरऑइल केली. छर्रे बदलले, कोन बदलले, रिमचा आउट काढला. लोक हसतात, "ही कसली व्हिंटेज?" म्हणतात. लुधियानाच्या हीरोला जगातली सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून १९८६ मध्ये गिनेसने नोंदवलं, पण तिची माउंटन बाईक जपून ठेवायला कुणी तयार नाही.

झणझणीत
+१. माझी रेंजर भावाने विकली. अजून बोलत नाही त्याच्याशी फारसं.

चाकोरीबाहेर
रेंजरवाला, प्रश्न योग्य आहे, राग कसला. माझ्याकडे ॲटलास होती, तीही काकांची. या ब्रिजस्टोनशी माझी कसलीच आठवण जोडलेली नाही. मला ती आवडली कारण तिचा प्रत्येक पार्ट उघडतो. माझ्या घरात उघडता येईल अशी दुसरी वस्तू उरलेली नाही. फोन उघडत नाही, गाडीचं बॉनेट उघडलं तर खाली प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

पेडलपंत
हे उत्तर मला फार आवडलं. आणि रेंजर जपलीच पाहिजे. इथल्यासारखा त्यांचा बाजार नाही म्हणून त्या झपाट्याने भंगारात चालल्यात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय केलंय, सुट्टीत आलो की चक्कर असते माझी.

शिकाऊ_उमेदवार
पुण्यातून. चुलतभावाने सिंगापूरहून एक नव्वदच्या दशकातली जीटी आणून दिली आहे. टायर घ्यायला गेलो, दुकानदाराने २६ चा म्हणून दिला, तो बसतच नाही. रिम वाकडी असेल का?

खटपट्या
रिम सरळ आहे. टायरवर काय लिहिलंय बघ. "२६ गुणिले १ ३/८" असेल तर तो आपल्या जुन्या स्पोर्ट्स आणि लेडीज सायकलींचा, त्याच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर. माउंटन बाईकचा ५५९. तुला "२६ गुणिले १.९५" किंवा "२.१" असा दशांशातला हवा. अपूर्णांक दिसला की परत दे.

शिकाऊ_उमेदवार
अपूर्णांकच आहे! धन्यवाद दादा. अजून एक, पुढचा फोर्क दाबला की दबतो पण वर येत नाही.

पेडलपंत
आत इलॅस्टोमरचे (रबरासारख्या पदार्थाचे) गट्टू असतील. नव्वदच्या पूर्वार्धात स्प्रिंगऐवजी तेच घालायचे. तीस वर्षांत त्यांचा चिकट लगदा होतो. फोर्क उघडशील तेव्हा हात आणि जमीन दोन्ही झाकून घे. मूळ गट्टू मिळणं कठीण, काही लोक त्याजागी स्प्रिंग बसवतात. तेही नको असेल तर साधा पोलादी फोर्क लाव, फक्त उंची मोजून घे, नाहीतर पुढून सायकल खाली बसेल आणि वळताना अंगावर येईल.

रेंजरवाला
म्हणजे रेंजरला सस्पेन्शन नव्हतं हा गुण होता तर!

चाकोरीबाहेर
प्रगतीचा अहवाल. सीटपोस्ट निघाला! अमोनिया, मग तेल, मग एका ओळखीच्याच्या वर्कशॉपमधला व्हाइस. फ्रेमला धरून दोघं गोल फिरलो, तो सुटल्याचा आवाज शेजारपर्यंत गेला. आतली नळी साफ केली, आता नवा पोस्ट मागवायचाय.

बॉटम ब्रॅकेटचा डावा कप निघाला, उजवा नाही निघत. पाना घसरतोय.

खटपट्या
थांबा, कुठल्या बाजूला फिरवताय? उजव्या कपाला उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, सुटेल. आणि नवा पोस्ट अंदाजाने मागवू नका. जुन्याच्या खालच्या टोकावर आकडा कोरलेला असतो, तो बघा. पुसला असेल तर फ्रेमची नळी व्हर्नियरने मोजा. २६.६, २६.८, २७.२ असे माप सगळे जवळजवळचे. बारीक घेतला तर सीट हळूहळू खाली उतरते आणि फ्रेमचं तोंड चेमटतं. नवा घालताना ग्रीस लावा म्हणजे पुढच्या मालकाला हा धागा वाचावा लागणार नाही.

चाकोरीबाहेर
निघाला! उलट्या आट्यांचं कुणीतरी पॅकिंगवर लिहायला हवं हो.

मूळ प्रश्नाचं ठरलं: पावडर कोटिंग रद्द. गंज ऑक्झॅलिकने काढतो, टवके उडालेत तिथे मिळताजुळता रंग ब्रशने, नळ्यांच्या आत गंजरोधक मेणाचा फवारा. खटके, डिरेल्युअर आहेत तेच ठेवतो. हँडल उंच लावणार (सुखदाताई), जुनं डबीत (पंत). चाकं आहेत तीच वापरू का? रिम दिसायला चांगल्या आहेत, ब्रेक लागतो तिथे थोड्या खोलगट वाटतात.

सुखदा_म्युनिक
खोलगट हा शब्द ऐकून बरं नाही वाटलं. ब्रेकचं रबर जिथे घासतं त्या कडेवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टी आणि रिममध्ये मधोमध फट दिसली तर कड झिजून पातळ झाली आहे. हवा भरलेली असताना अशी कड फाटते आणि ते बहुतेक उतारावर ब्रेक दाबतानाच होतं. दोन्ही चाकं तपासा. उजवी-डावी कड वेगवेगळी झिजलेली असते.

चाकोरीबाहेर
मागच्याला फट आहे, पुढच्याला नाही.

खटपट्या
मग मागची रिम बदला, हब तोच ठेवा. आऱ्या मोजा, ३२ आहेत की ३६, आणि तेवढ्याच भोकांची ५५९ ची, रिम ब्रेकला चालणारी घ्या. हल्ली डिस्क ब्रेकच्या रिम जास्त मिळतात, त्यांच्या कडेवर ब्रेक घासायला सपाट जागा नसते. दुकानात हे स्पष्ट विचारा.